वहिनींची वही

मलकापूरच्या त्या दोघा भावांनी सहाचाकी ट्रक एकाच महिन्यात घेतले. मलकापूर म्हणजे शाहूवाडीतलं, बुलढाण्याचं नव्हे. कंपनी एक, मॉडेल एक, इंजिन एक, हौद्याची लांबीसुद्धा एक. माल धरून 18.5 टनांचं पासिंग. थोरल्या दत्ताच्या गाडीच्या कपाळावर जोतिबा आणि धाकट्या संजूच्या गाडीवरही जोतिबाच; फरक इतकाच, की संजूच्या जोतिबाभोवती दिवे लुकलुकायचे.

धंदाही एकच. घाटाखाली उतरून जांभा चिरा भरायचा, आंबा घाट चढून कोल्हापूरला टाकायचा. खाली जाताना सिमेंट, पशुखाद्य, कधी भाजीपाला. मधूनच पुण्याची एखादी हलकी फेरी मिळायची. ती मिळाली की दोघांनाही सुट्टी लागल्यासारखं वाटे, कारण चार पदरी रस्ता आणि पाठीवर चिरा नाही.

हिशेब ठेवायचा दत्ताच्या बायकोनं. घरात तिला सगळे वहिनीच म्हणत, अगदी शेजारचेही. किराणा दुकानात वाढलेली बाई. दोन्ही गाड्यांची एकच लांब वही. डाव्या पानावर दत्ता, उजव्या पानावर संजू. तारीख, मीटर, डिझेलचे लिटर, आणि शेवटी भागाकार. घाटाच्या फेऱ्यांना दोन्ही पानांवर लिटरला साडेचार किलोमीटर अ‍ॅव्हरेज यायचं, पुण्याच्या हलक्या फेरीला पाच. थोडंफार इकडंतिकडं झालं की वहिनी पंपाचं नाव विचारायच्या.

संजूच्या डोक्यात टायरचं खूळ शिरलं ते एका ढाब्यावर. लांब पल्ल्याच्या गाड्यांची थोराड चाकं शेजारी उभी होती आणि त्यांच्या बाजूला आपली गाडी त्याला बसकी दिसली. त्यांच्या गाडीला नऊशे-वीसचे टायर, म्हणजे रुंदी 9 इंच आणि रिम 20 इंची. मधला दशांशचिन्हाचा ठिपका या धंद्यात कुणी उच्चारत नाही. संजूला अकराशे-वीस हवे होते. नव्या नऊशेची उंची साधारण 1,018 मिलिमीटर आणि अकराशेची 1,085. कागदावर फरक 67 मिलिमीटरचा, पण गाडी वर उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण अक्ष चाकाच्या मधोमध असतो. निम्म्या उंचीचा विचार त्यानं केला नाही. त्यानं दुसराच केला होता आणि तो दादापुढं मांडलाही.

“चाक मोठं, म्हंजे एका फेऱ्यात पल्ला जास्त. इंजिन तेवढंच फिरणार आणि गाडी लांब जाणार. डिझेल कोण खातंय? इंजिन. मग वाचलंच की दादा.”

या बोलण्यात चूक शोधायला गेलं तर एकाही वाक्यात सापडत नाही. अशा युक्तिवादापुढं दत्तासारखा कमी बोलणारा माणूस गप्प बसतो आणि गप्प बसणं म्हणजे होकार असं धाकटा धरून चालतो.

टायर आले. त्यांच्या मागोमाग डिस्कही आल्या, कारण नऊशेचा टायर 7 इंची रिमवर बसतो आणि अकराशेला 8 इंच लागतात. मागच्या जोडचाकांत दोन टायरमधली फट सांभाळावी लागते. माल भरला की टायरची पोटं फुगतात आणि फट कमी पडली तर दोघं एकमेकांना घासून झिजतात. हे सगळं संजूनं नीट केलं. तो आळशी किंवा अडाणी नव्हता, हे सांगून ठेवायला हवं. बोधकथेत धाकट्याला मूर्ख ठरवायची सोय असते, पण इथं ती लागू नाही.

पहिली फेरी नेमकी पुण्याची निघाली. दोन्ही गाड्या बरोबर होत्या. दत्ताच्या मीटरवर 60 आणि संजूच्या मीटरवरही 60, तरी संजू पुढं पुढं जात होता. आरपीएमचा काटा पूर्वी 60 ला जिथं असायचा तिथंच होता, म्हणून त्याला थोडं खट्टू वाटलं. इंजिनाचे फेरे कमी व्हायला हवे होते ना? पण दादा मागं पडतोय हे आरशात पाहून तो खूश झाला. पुढं मोकळा रस्ता मिळाल्यावर त्यानं गाडी स्पीड गव्हर्नर अडवतो तिथपर्यंत, म्हणजे 80 पर्यंत, नेली. काही दिवसांनी मोबाइलवर चलन आलं. वेग 85.

“कॅमेरा खोटा हाय,” संजू म्हणाला. “गव्हर्नर 80 ला तोडतोय, गाडी 85 नं जाईलच कशी?”

वहिनींनी चलनाची रक्कम उजव्या पानावर लिहिली.

मग घाट आला. साखरप्यावरून वर निघालं, की भरल्या गाडीचं खरं वजन कळायला लागतं. पूर्वी चढावर एक लांब टप्पा असा होता, की गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कशीबशी तग धरायची. इंजिन कण्हायचं, पण सोडायचं नाही. अकराशे टायर घातल्यावर त्याच टप्प्यावर तिसऱ्यात दम तुटू लागला. इंजिनाचा पीळ गिअरबॉक्समधून, मग मागच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनमधून गुणाकार होत चाकाच्या अक्षापर्यंत येतो. तिथून रस्त्याला ढकलायचं काम चाकाच्या त्रिज्येवर ठरतं. पीळ तोच राहून त्रिज्या वाढली, की ढकलण्याचा जोर त्याच प्रमाणात घटतो. इथं तो जेमतेम 6 टक्के घटला होता.

सहा टक्के म्हणजे काय मोठं, असं सपाट रस्त्यावर म्हणता येतं. तिथं इंजिनाची अर्धी ताकद शिल्लकच पडलेली असते; त्यातून सहा गेले तर कुणाला कळतही नाही. पण चढावर शेवटचा पैसा खर्ची पडत असताना सहा पैसे कमी पडले तर दुकानदार माल देत नाही, आणि गिअर काही सुट्या पैशांत मिळत नाहीत. तिसरा झेपेना तर सहा टक्क्यांनी खाली येता येत नाही, थेट दुसऱ्यात यावं लागतं. तिथं इंजिन दीडपट फिरतं किंवा गाडी त्या प्रमाणात हळू चालते. संजूनं दोन्ही करून पाहिलं. आधी हट्टानं तिसऱ्यातच रेटलं, तर काळा धूर आणि तापमानाचा काटा वर. मग दुसऱ्यात घेतलं, तर इंजिन किंचाळत राहिलं आणि मागं एसटीची रांग लागली. वळणावर थांबून पुन्हा उचलताना अर्धा क्लच धरावा लागे. अर्ध्या क्लचचा वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही.

उतरणं तर आणखी वाईट. चढाची कटकट डिझेलवर निभावते, उताराची माणसावर येते. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा घाटातला जुना नियम, आणि इंजिनाच्या अडवण्याच्या जोरावरच तो उभा आहे. मोठ्या चाकानं तो जोरही तेवढाच घटवला होता. ब्रेकचंही तेच, ड्रमची पकड होती तेवढीच राहिली, पण चाकाचा घेर वाढल्यामुळं रस्त्यावर ती थोडी कमी पोचत होती. सिमेंट भरून खाली जाताना संजूला एकदा लायनर तापल्याचा वास आला. तो गाडी बाजूला घेऊन बराच वेळ उभा राहिला. घरी त्यानं ते सांगितलं नाही. क्लीनरनं सांगितलं.

पण भांडण पेटलं ते वहीवरून. दोघं एकाच ठिकाणी चिरा भरून, एकाच वाटेनं, एकाच दिवशी परत यायचे. डाव्या पानावर जिथं 100 किलोमीटर पडत, तिथं उजव्या पानावर 94. वहिनींनी आधी एकदा पाहिलं, मग सलग पाहिलं.

“भाऊजी, मधले सहा किलोमीटर तुम्ही उडत जाता काय?”

“म्हंजे मी मीटर तोडलाय म्हणताय?”

“मी काय म्हणत न्हाई. वही म्हणतीय.”

शिवाय अ‍ॅव्हरेज. घाटाच्या फेऱ्यांचं साडेचारवरून सरळ 4.0 वर आलेलं. पुण्याच्या फेरीचंही पाचवरून 4.9. डिझेल वाचवायला आणलेले टायर डिझेल खात होते आणि वर किलोमीटरही चोरत होते. दत्तानं एवढंच म्हटलं, की उद्या हुसेनचाचांकडं जाऊ.

हुसेनचाचांचं गॅरेज कोल्हापुरात उद्यमनगराच्या कडेला. इंजिनं, ओतकाम, लेथ यांनी ती सगळी वस्ती घडवलेली. तिथं मिस्त्री म्हटलेला माणूस सहसा कमी ऐकतो आणि जास्त पाहतो. चाचांनी दोन्ही भरलेल्या गाड्या शेजारी लावायला सांगितल्या. इंजिनाला हात लावला नाही. खडू मागवला.

दत्ताच्या टायरच्या तळाशी एक रेघ, तिथंच जमिनीवर एक रेघ. गाडी हळू पुढं घ्यायला लावली, टायरवरची रेघ फिरून पुन्हा जमिनीला टेकली तिथं दुसरी खूण. टेप लावला. 3 मीटर 10 सेंटीमीटर. मग संजूची गाडी. 3 मीटर 30.

“ह्या चाकाला किलोमीटर जायला 323 फेरं लागत्यात, आणि ह्याला 303,” चाचांनी सिगारेटच्या पाकिटावर आकडे मांडले. “मीटर रस्ता मोजत न्हाई, बाळा. गिअरबॉक्सच्या मागं सेन्सर हाय, त्यो शाफ्ट किती फिरला एवढंच मोजतोय. त्याला वाटतंय, चाक अजून नऊशेचंच हाय. रस्ता कवा बघितलाय त्यानं?”

म्हणजे कॅमेरा खरा होता. मीटरवर 80 असताना गाडी 85 नं धावत होती. मीटरवर 60 असताना ती 64 च्या आसपास होती, म्हणून दादा मागं पडत होता. आणि आरपीएमचा काटा हलला नव्हता, कारण तो आणि वेगाचा काटा दोघंही चाकाच्या अलीकडचेच. दोघांत भांडण होण्याचं कारणच नव्हतं.

वहिनी बरोबर आल्या होत्या. वही पिशवीत होतीच. त्यांनी तिथंच, जुन्या बॅटरीवर वही टेकून, उजवं पान नव्यानं मांडलं. शंभराला चौऱ्याण्णव लिहिले गेले असतील तर प्रत्येक आकडा तेवढा वाढवायचा. घाटाचं 4.0 होतं ते 4.26 झालं. म्हणजे तोटा खरा होता, पण वहीत दिसला त्याच्या निम्माच. पुण्याच्या फेरीचं 4.9 होतं ते 5.2 झालं. वहिनी थांबल्या आणि त्यांनी तो गुणाकार पुन्हा केला. पुण्याच्या रस्त्यावर गाडीनं कमावलं होतं, आणि त्या फेरीबद्दलही संजूनं आठवडाभर बोलणी खाल्ली होती.

“मग माझं बरोबर होतं!” संजू उसळला.

“पुण्यात बरोबर होतं,” चाचा म्हणाले. “तू ऱ्हातोस कुठं?”

ट्रक बनवणारेही हाच प्रश्न विचारतात. एकच इंजिन, एकच गिअरबॉक्स, पण खाणीत चालणाऱ्या टिपरला मागं वेगळं क्राउन-पिनियन आणि महामार्गावर पळणाऱ्या गाडीला वेगळं. ज्यात शाफ्टचे जास्त फेरे होऊन चाक एकदा फिरतं ती गाडी ओढते; ज्यात कमी फेऱ्यात फिरतं ती पळते. दोन्ही गुण एकाच दातात मावत नाहीत. मोठा टायर घालणं म्हणजे हाउसिंग न उघडता, नकळत, मागची जोडी बदलणं. संजूनं टायर बदलले अशी त्याची समजूत होती. खरं तर त्यानं चिऱ्याची गाडी मोडून पुण्याची गाडी बनवली होती आणि तिच्यावर चिराच भरला होता.

भावांच्या गाड्यांना 41/7 ची जोडी होती. क्राउनला 41 दात, पिनियनला 7, शाफ्टचे 5.86 फेरे, तेव्हा चाकाचा एक. चाचांनी दोन वाटा सांगितल्या. एक, नऊशे टायर परत चढवायचे. दुसरी, 43/7 बसवायची, म्हणजे शाफ्टचे 6.14 फेरे, याच मॉडेलला कंपनी तीही जोडी देते. मोठ्या चाकानं घटवलेला जोर त्यानं बहुतेक भरून निघेल आणि मीटरही जवळपास खरं बोलायला लागेल.

परत फिरायचं म्हणजे चूक झाली हे गल्लीला दिसायचं. संजूनं 43/7 निवडली.

ते काम मात्र पाहण्यासारखं होतं. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून जोडीनंच विकले जातात आणि जोडीनंच बदलतात. एकाचा क्राउन दुसऱ्याच्या पिनियनला लावला तर हाउसिंग काही दिवसांत रडायला लागतं. चाचांनी दातांना निळा रंग लावून, फिरवून, छाप दाताच्या मधोमध पडते का ते पाहिलं. नाही पडली. पातळ शिम काढला, दुसरा घातला, पुन्हा रंग. घाई करणाऱ्या संजूला त्यांनी चहा आणायला पाठवलं, तो आला तेव्हा परत पाठवलं. संध्याकाळी छाप बसली.

गाडी घाटात गेली आणि त्या लांब टप्प्यावर तिसऱ्यातच राहिली. कण्हली, पण सोडलं नाही. अ‍ॅव्हरेज पुन्हा साडेचाराच्या आसपास. संजूनं आनंदानं घरी फोन केला.

वहिनींनी उजव्या पानाच्या तळाशी टायर, डिस्क, क्राउन-पिनियन, मजुरी, चलन अशी बेरीज मांडली होती. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “म्हंजे आता गाडी आधी होती तशी झाली.”

कथा इथं थांबवायचा मोह होतो. पण गाडी पासिंगला जायची होती. निरीक्षकानं टायरवरचं माप वाचलं, कागदावरचं वाचलं आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 सांगतं, की उत्पादकानं ठरवून दिलेल्या रचनेत आपल्या मनानं बदल करायचा नाही. अकराशे टायर या मॉडेलच्या मंजूर मापात नव्हते. संजूनं वाद घातला नाही. घाटात लायनरचा वास आल्यापासून वाद घालायची त्याची सवय जरा कमी झाली होती. थोराड टायर आणि डिस्क त्यानं एका दहाचाकीवाल्याला पडेल भावात दिले. घराच्या पडवीत ठेवलेले नऊशे पुन्हा चढवले. गाडी पास झाली.

हाउसिंगमध्ये 43/7 तशीच राहिली. ती काढायला पैसेच उरले नव्हते.

आणि मग एक गंमत झाली. लहान चाक आणि जास्त दातांची जोडी, दोन्ही आता ओढण्याच्याच बाजूला. पूर्वीपेक्षा जोर जवळपास 5 टक्क्यांनी वाढला. त्या टप्प्यावर गाडी तिसऱ्यात अशी गेली, की क्लीनर संजूच्या तोंडाकडं बघायला लागला. दत्ताची गाडी मागून कण्हत येत होती. उतारालाही इंजिन घट्ट धरायचं, ब्रेकवर पाय कमी जायचा. पुण्याच्या रस्त्यावर मात्र इंजिन जास्त फिरायचं, आवाज कान खायचा आणि गव्हर्नर खऱ्या 76 लाच तोडायचा. वहिनींनी कुणाला न विचारता कामं वाटली. चिरा संजूकडं, पुण्याच्या हलक्या फेऱ्या दत्ताकडं. दत्ताला सुट्टीच मिळाली. संजूनं हेही मान्य केलं, कारण घाटात दादाच्या पुढं जायचं सुख त्याला पुरेसं होतं.

महिनाअखेर तो स्वतःहून आकडे घेऊन आला. घाटाच्या फेऱ्यांचं अ‍ॅव्हरेज 4.83. या वहीत एवढं कधीच कुणाला पडलं नव्हतं.

वहिनींनी आकडा लिहून घेतला. मग त्याखाली एक रेघ मारून 1.05 नं भागलं आणि 4.6 लिहिलं.

“हे काय?”

“शाफ्ट आता जास्त फिरतोय न्हवं? मीटर 100 ला 105 दाखवतोय. दादांच्या मीटरशी ताडून बघितलंय मी.”

“राहू द्या की वहिनी. आता तरी चांगलं दिसतंय.”

“तवा मी शंभराला सहा वाढवून दिलेलं घेतलंत,” वहिनी म्हणाल्या, “मग आता पाच काढू द्या.” आणि त्यांनी पुढची पावती मागितली.